आठ मुक्या पट्ट्यांचं कोडं

मुलांनो, पेटी वाजवता वाजवता एखादी पट्टी अचानक वाजेनाशी झाली, तर तुम्ही काय कराल? 'पेटी उघडू आणि आत काय अडकलंय ते बघू,' असं तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल. अगदी बरोबर. पेटीचं बरं असतं. तिचं पोट उघडलं की भाता दिसतो, पितळी सूर दिसतात, आणि सुराखाली अडकलेला कचराही दिसतो. तो काढला की सूर पुन्हा बोलायला लागतो.

पण समजा, तुमच्यासमोर असं एक वाद्य आहे, की ज्याच्या पोटात भाता नाही, तारा नाहीत, सूर नाहीत आणि खरं सांगायचं तर आवाजसुद्धा नाही! ते बिघडलं तर काय करायचं? बिघाड शोधायचा तरी कुठे?

असं वाद्य आमच्या शाळेत आहे. त्याचं नाव मिडी कीबोर्ड. त्याच्या आठ पट्ट्या मुक्या झाल्या होत्या, आणि त्या पायी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. त्या चुकीची आणि त्या आठ पट्ट्यांची ही गोष्ट आहे.

'ढोलकीसारखं बडवलंस ना?'

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानं हा कीबोर्ड शाळेला भेट दिला. दिसायला पियानोसारखा, ६१ पट्ट्यांचा. त्याची केबल कॉम्प्युटरला जोडायची, कॉम्प्युटरवर पियानोचं सॉफ्टवेअर सुरू करायचं, की झाला पियानो तयार! मी डी.एड.ला असताना पेटीची जी तोंडओळख झाली, तेवढीच माझी विद्या. पण पाचवीतला एक मुलगा वडिलांबरोबर भजनात बसून पेटी शिकलेला. तो पंधरा दिवसांत परिपाठाच्या प्रार्थनेला साथ करायला लागला. ढोलकीही वाजवतो तो. त्यामुळे त्याचा हात जरा जड.

स्नेहसंमेलन दहा दिवसांवर आलं होतं. सोमवारी सकाळी मी कीबोर्ड लावला, पांढरी एक हा सा धरला आणि सरगम वाजवायला लागले. सा, रे, ग, म, प, ध... आणि पुढे काहीच नाही! नी गप्प. वरचा सा मात्र छान वाजला. मग मी कोमल स्वर वाजवून बघितले. कोमल गही गप्प. दोन पट्ट्या मुक्या!

'शनिवारी शेवटी कोण बसलं होतं इथं?' मी विचारलं. सगळ्या वर्गाची बोटं एकाच दिशेला वळली.

'कितीदा सांगितलं, ढोलकीसारखं बडवू नकोस म्हणून! मोडल्यास ना पट्ट्या? आता कीबोर्डला हात लावायचा नाही.'

तो काही बोलला नाही. खाली मान घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसला. मंगळवारीही तिथंच बसला. प्रार्थनेला त्या दिवशी साथच नव्हती.

आता गोष्ट इथं थोडी थांबवू या. पुढचं कोडं सोडवायचं, तर हे बिनआवाजाचं वाद्य काम कसं करतं ते आधी समजून घ्यायला हवं.

आवाज नाही, चिठ्ठी!

तुम्ही मिडी कीबोर्डची पट्टी दाबता तेव्हा त्यातून आवाज निघत नाही. निघते ती एक चिठ्ठी. ती केबलमधून कॉम्प्युटरकडे जाते. चिठ्ठीत फक्त तीन आकडे असतात. समजा, आकडे आले १४४, ६०, ७२. पहिला आकडा सांगतो, 'पट्टी दाबली आहे.' दुसरा सांगतो, कुठली पट्टी. ६० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक. तिसरा सांगतो, पट्टी किती वेगानं दाबली गेली. हा आकडा १ ते १२७ असतो. हळूच दाबली तर लहान, जोरात दाबली तर मोठा. बोट उचललं की दुसरी चिठ्ठी जाते, 'पट्टी सोडली.'

बस्स! चिठ्ठी वाचून पियानोचा आवाज काढायचं काम सॉफ्टवेअरचं, आणि तो तुमच्या कानापर्यंत पोचवायचं काम स्पीकरचं. म्हणजे कीबोर्ड हा गाणारा नव्हे, तो निरोप्या आहे.

या चिठ्ठ्यांच्या भाषेचंच नाव मिडी. पूर्ण नाव म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस. भाषा फार जुनी नाही. १९८०च्या आसपास इलेक्ट्रॉनिक वाद्यं बरीच निघाली होती, पण एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकत नसे. प्रत्येकाची बोली वेगळी. तेव्हा जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांनी, सगळ्यांची मिळून एकच भाषा असावी, यासाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका वाद्यमेळ्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका केबलनं जोडली गेली. एकाची पट्टी दाबली आणि आवाज दुसऱ्यातूनही आला! ही भाषा सगळ्यांना वापरायला मोकळी ठेवली गेली. म्हणून तर आज कुठल्याही कंपनीचा मिडी कीबोर्ड कुठल्याही पियानो सॉफ्टवेअरशी बोलतो. २०१३ साली या दोघांना या कामासाठी टेक्निकल ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आता ते दोघंही हयात नाहीत, पण त्यांची भाषा जगभर बोलली जाते. अगदी आमच्या गावातसुद्धा.

शेवटच्या बाकावरचा साक्षीदार

बुधवारी मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्याजवळ आला. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, 'बाई, एक सांगू? रागावणार नाही ना?'

'सांग.'

'बाई, मी मधल्याच पट्ट्या वाजवतो. पण उजव्या टोकाची शेवटून दुसरी पट्टीपण वाजत नाही. तिकडं मी कधी जातच नाही. मग ती कुणी मोडली?'

'तुला कसं कळलं? तुला तर हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं.'

'मी नाही लावला, बाई. दुसऱ्यानं दाबली. मी लांबून नुसतं ऐकलं.'

मुलांनो, खरं सांगते, मला ओशाळल्यासारखं झालं. मी काय केलं होतं? दोन पट्ट्या वाजत नाहीत एवढं बघितलं, आणि लगेच गुन्हेगार ठरवून मोकळी झाले. बाकीच्या ५९ पट्ट्या दाबूनसुद्धा बघितल्या नव्हत्या! मी त्याला म्हटलं, 'चल, आता सगळ्यांनी मिळून नीट तपास करू. आणि कीबोर्डवर तूच बसायचं.'

तपास पहिला : बिघाड वाटेत कुठे आहे?

फळ्यावर मी चिठ्ठीची वाट काढली. पट्टी, कीबोर्डचं पोट, केबल, कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, स्पीकर, कान. सात ठिकाणं. बिघाड यातल्या एखाद्या ठिकाणी असणार. पण एकेक ठिकाण तपासत बसायची गरज नसते, बरं का! मधोमध कुठेतरी तपासायचं. तिथपर्यंत सगळं ठीक असेल तर बिघाड पुढे, नसेल तर मागे. एका तपासात निम्मे संशयित सुटतात.

पियानोच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर पट्ट्यांचं चित्र असतं. माऊसनं त्यातली नी ही पट्टी दाबली. आवाज आला! म्हणजे सॉफ्टवेअर, स्पीकर आणि आपले कान, तिघेही सुटले.

मग कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम उघडला. अशा प्रोग्रॅमना मिडी मॉनिटर म्हणतात. विंडोजवर चालणारा मिडी-ऑक्स हा त्यातलाच एक. कीबोर्डकडून आलेली प्रत्येक चिठ्ठी तो पडद्यावर आकड्यांत दाखवतो. मुलानं सा दाबला. पडद्यावर ओळ उमटली, १४४, ६०, ७२. नी दाबला. पडदा कोरा. पुन्हा दाबला. पुन्हा कोरा. म्हणजे चिठ्ठी कॉम्प्युटरपर्यंत येतच नव्हती.

'मग केबल खराब असेल,' एक मुलगी म्हणाली.

'बघा हं,' मी म्हटलं, 'सा याच केबलमधून आला. रे, ग, म याच केबलमधून आले. एकाच रस्त्यानं बाकी सगळे आले आणि नी तेवढा आला नाही, तर दोष रस्त्याचा कसा?'

केबलही सुटली. आता उरली दोनच ठिकाणं. एक तर पट्टी, नाही तर कीबोर्डचं पोट.

तपास दुसरा : वजाबाकीनं फोडलं कोडं

आता आम्ही डावीकडून एकेक पट्टी दाबत गेलो. एकानं दाबायची, एकीनं पडद्यावरचा आकडा वाचायचा, एकीनं फळ्यावर लिहायचा. आमच्या कीबोर्डची पहिली पट्टी ३६ क्रमांकाची आणि शेवटची ९६ क्रमांकाची. जी पट्टी मुकी, तिचा क्रमांक गोल करून लिहायचा. शेवटी फळ्यावर हे आकडे उरले :

३९, ४७, ५५, ६३, ७१, ७९, ८७, ९५.

दोन नव्हे, तब्बल आठ पट्ट्या मुक्या होत्या! वर्ग गप्प झाला. पुढे वाचण्याआधी तुम्हीही हे आकडे एकदा नीट बघा. काही दिसतंय का?

फळ्यावर लिहिणाऱ्या मुलीला दिसलं. 'बाई, सगळ्यांची वजाबाकी आठच येते!'

खरंच की! ४७ वजा ३९ आठ. ५५ वजा ४७ आठ. पार शेवटपर्यंत आठच. बरोब्बर दर आठवी पट्टी मुकी होती.

आता तुम्हीच सांगा, कुणी हातानं बडवून पट्ट्या मोडल्या, तर त्या अशा मोजून मोडतील का? रागानं आपटलेला हात आठ-आठ पट्ट्या मोजून आपटत नाही. असा हिशेबी बिघाड कुठल्या बोटाचा नसतो. तो आतल्या मांडणीचा असतो.

आणखी एक गंमत बघा. एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या असतात, आणि बिघाड होता दर आठवीला. त्यामुळे शेजारशेजारच्या सप्तकांत तो वेगवेगळ्या स्वरांवर पडला होता. मधल्या सप्तकात कोमल ग आणि नी मुके, पण प छान वाजतो. त्याच्या खालच्या सप्तकात नी वाजतो, पण प मुका! म्हणून तर नुसत्या कानांना ते कोडं उलगडत नव्हतं. कानाला वाटत होतं, इथं एक तिथं एक पट्टी मोडली आहे. आकडे मांडले तेव्हाच त्यांची रांग दिसली.

झोपलेला मॉनिटर

पण दर आठवीच पट्टी का? त्याचं उत्तर कीबोर्डच्या पोटात आहे.

६१ पट्ट्या आहेत म्हणून प्रत्येक पट्टीसाठी स्वतंत्र तार ओढायची, तर तारांचं जंगल होईल. म्हणून बनवणाऱ्यांनी युक्ती केली. कल्पना करा, मैदानावर आठ रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत आठ मुलं. म्हणजे ६४ जागा. हजेरी घ्यायला ६४ माणसं लागतील का? नाही. फक्त आठ मॉनिटर पुरे. पहिल्या मॉनिटरनं प्रत्येक रांगेतल्या पहिल्या मुलाकडे बघायचं, दुसऱ्यानं दुसऱ्याकडे, असं. बाई पुकारतात, 'रांग एक!' आठही मॉनिटर आपापला मुलगा आहे की नाही ते सांगतात. मग 'रांग दोन!' मग 'रांग तीन!' आठ वेळा पुकारलं की ६४ जणांची हजेरी झाली.

बऱ्याच कीबोर्डमध्ये अशीच हजेरी चालते. रांगांच्या तारा आणि मॉनिटरच्या तारा आडव्या-उभ्या जाळीसारख्या मांडलेल्या असतात, आणि आतली चिप सेकंदाला कित्येक वेळा ही हजेरी घेते. प्रत्येक पट्टीखाली मात्र एक नव्हे, दोन कळा असतात. पट्टी दाबली की एक आधी मिटते आणि दुसरी किंचित नंतर. या दोन्हींमधला वेळ मोजून चिप ठरवते, पट्टी किती वेगानं दाबली. चिठ्ठीतला तिसरा आकडा येतो तो इथून.

आता समजा, चौथ्या जागेचा मॉनिटर झोपला. काय होईल? प्रत्येक रांगेतला चौथा मुलगा हजर असूनही गैरहजर लागेल! आमची पहिली मुकी पट्टी कितवी होती, आठवतंय? ३६, ३७, ३८, ३९. चौथी! पुढची बारावी, त्या पुढची विसावी. म्हणजे प्रत्येक रांगेतली चौथी. पट्ट्या सगळ्या ठणठणीत होत्या. त्यांची हजेरी घेणारी एक तार तेवढी झोपली होती.

हे सांगताना माझी नजर आपोआप त्या मुलाकडे गेली. तोही बिचारा हजर असून गैरहजर लागला होता. आणि हजेरी चुकीची मांडणारी मी होते.

पोट उघडलं

तालुक्याच्या गावी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर ते आले. त्यांनी आधी कीबोर्डची केबल काढली. मग मागचे स्क्रू काढून, ज्या जागेचा स्क्रू त्या जागी, असे कागदावर मांडून ठेवले. आत बघितलं तर कागदाच्या पट्टीसारखी एक चपटी वायर पट्ट्यांच्या पाटीकडून मुख्य पाटीकडे जात होती. तिला रिबन केबल म्हणतात. तिचं एक टोक खोबणीतून एका कोपऱ्याला किंचित निसटलं होतं. नखाएवढंसुद्धा नाही! काकांनी ती वायर अलगद बाहेर काढली, सरळ बसवली आणि दाबली.

'मोडलेली पट्टी कुठली होती, काका?' मुलांनी विचारलं.

'एकही नाही,' काका म्हणाले.

कीबोर्ड पुन्हा जोडला. त्या मुलानं पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत बोट फिरवलं. ६१ च्या ६१ बोलल्या! फक्त मधला शुद्ध ग कितीही हळू दाबला तरी ओरडत होता. मॉनिटरवर त्याचा तिसरा आकडा दर वेळी १२७ येत होता. काकांनी त्या पट्टीखालची रबराची पट्टी उचलून दाखवली. कळांवर पांढरी भुकटी बसली होती. खडूची! धुळीमुळे दोन कळांमधला वेळच चुकीचा मोजला जात होता. मऊ फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्यांनी ती जागा पुसली, आणि ग शहाण्यासारखा बोलायला लागला.

'वायर निसटते कशानं?' मी विचारलं.

'हादऱ्यानं. गाडीवरून वगैरे नेला होता का?'

नेला होता. केंद्रावरच्या कार्यक्रमाला. माझ्याच स्कूटरवर, पायाशी उभा ठेवून. आमच्याकडचा रस्ता कसा आहे ते विचारू नका!

सोमवारी परिपाठाला मी सगळ्या मुलांसमोर सांगितलं, की पट्ट्या कुणीही मोडल्या नव्हत्या, वायर बहुतेक माझ्याच स्कूटरवर हलली होती, आणि मी तपास न करता एकाला बोलले ते चुकलं. तो मुलगा लाजून हसला आणि कीबोर्डवर जाऊन बसला. त्या दिवशीची प्रार्थना जरा जास्तच जोरात झाली.

तुमच्याकडे असा कीबोर्ड असेल तर

पोट उघडायची वेळ क्वचितच येते. बहुतेक तक्रारी बाहेरच्या बाहेर सुटतात. त्यातल्या काही सांगते.

*काहीच वाजत नाही.* आधी सोपं बघा. कीबोर्ड सुरू आहे का? केबल नीट बसली आहे का? काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, चिठ्ठी जात नाही. दुसरी केबल लावून बघा. मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन मिडी इनपुटच्या यादीत तुमच्या कीबोर्डवर खूण आहे का ते बघा. कधी दुसराच एखादा प्रोग्रॅम कीबोर्ड अडवून बसलेला असतो. तो बंद करा.

*आवाज उशिरा येतो.* दोष बहुधा कीबोर्डचा नसतो. त्याची एक चिठ्ठी मूळच्या मिडी केबलमधूनसुद्धा सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात पोचते. ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो काढून वायरचा लावा. मग सॉफ्टवेअरमधला ऑडिओ बफर बघा. कॉम्प्युटर सेकंदाला ४४,१०० नमुने वाजवत असेल आणि बफर १०२४ नमुन्यांचा असेल, तर आवाज सेकंदाच्या सुमारे २३ हजारांश भागानं मागे पडतो. म्हणजे पियानो जणू आठ मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं! बफर २५६ केला की उशीर चौपट कमी होतो. फार कमी केला तर मात्र आवाज तडतडतो.

*सगळेच स्वर चुकीचे येतात.* ऑक्टेव्ह किंवा ट्रान्सपोज असं लिहिलेलं बटण चुकून दाबलं गेलं असेल. किंवा डाव्या बाजूचं स्वर वर-खाली सरकवणारं चाक मध्यावर परत आलं नसेल.

*एक स्वर थांबतच नाही.* 'पट्टी सोडली' ही चिठ्ठी हरवली. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पॅनिक नावाचं बटण असतं. ते दाबलं की सगळे स्वर थांबतात.

*पेडल उलटं चालतं.* पाय उचलला की स्वर लांबतात आणि दाबला की तुटतात. अनेक कीबोर्ड सुरू होताना पेडल कसं आहे ते बघून घेतात. त्या क्षणी पेडलवर पाय असला की त्यांची उलटीच समजूत होते. कीबोर्ड बंद करा, पाय काढा, पुन्हा सुरू करा.

*काही पट्ट्याच मुक्या.* सगळ्या पट्ट्या दाबून मुक्यांचे क्रमांक लिहा. एखादीच असेल तर धूळ असू शकते. एकमेकींना लागून असलेल्या आठ असतील तर एक अख्खी रांग झोपली असेल. दर आठवी असेल तर... ते आता तुम्हीच सांगाल!

दोन नियम मात्र पक्के लक्षात ठेवा. पहिला, एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, सेटिंग आणि स्पीकर एकदम बदलले आणि आवाज आला, तर बिघाड कशात होता ते कधीच कळणार नाही. दुसरा, स्क्रू काढायचे असतील तर कीबोर्डची वीज आणि केबल काढून, आणि जाणत्या मोठ्या माणसाच्या सोबतीनंच. विजेच्या बोर्डात थेट लागणारं कुठलंही यंत्र तुम्ही स्वतः उघडायचं नाही.

करून पाहा

कीबोर्ड नाही? हरकत नाही. कागदावर चार आडव्या आणि चार उभ्या रेघांची जाळी काढा. रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं डावीकडून उजवीकडे, वरून खाली, १ ते १६ आकडे लिहा. आता मित्रानं मनात एक रेघ धरायची आणि ती तुटली असं समजायचं. तुम्ही एकेक आकडा विचारायचा. आकडा तुटलेल्या रेघेवर असेल तर मित्रानं म्हणायचं 'मुका', नसेल तर 'बोलतो'. कमीत कमी किती प्रश्नांत तुटलेली रेघ सापडते? आधी अंदाज करा, मग खेळा. खेळता खेळता कळेल, की नेमका प्रश्न विचारला तर एका उत्तरात किती रेघा सुटतात!

आमच्या कीबोर्डशेजारी आता एक वही असते. काही बिघडलं की त्यात तारीख, काय झालं आणि कुठल्या क्रमांकाच्या पट्टीला झालं, ते लिहायचं. वहीत 'कुणी केलं' असा रकाना नाही. मी तो आखायला घेतला होता, पण त्या मुलानंच विचारलं, 'बाई, तो कशाला? त्यानं पट्टी थोडीच दुरुस्त होते?'

मी पट्टी उचलली आणि तो रकाना सोडून पुढचा आखला.